मायने न पाहिलेली मालिका

त्या मालिकेचा एकही भाग मायने पाहिला नाही. तरी आमच्या सावली गावात तिच्याइतके मन लावून ती मालिका दुसऱ्या कोणी पाहिली असेल असे मला वाटत नाही. तेरा रविवार मी रामटेके बाईंच्या ओसरीत बसून पडद्यावर जे दिसले ते पाहिले, घरी आले आणि तिला सांगितले. तिने ते ऐकले, उलटतपासणी घेतली आणि पुढच्या रविवारपर्यंत मनात धरून ठेवले. मालिकेचे नाव हिंदी होते, जरा जड होते, आणि ते आमच्या तोंडात कधी बसले नाही. एक इंजिनियर बेपत्ता होतो, एवढ्यावरून सगळा मोहल्ला तिला 'इंजिनेर' म्हणत असे. 'आज इंजिनेर आहे', 'इंजिनेर सुरू झाला काय वं?' असे बोलणे चाले. मायही तसेच म्हणे.

टीव्ही रामटेके बाईंकडे होता. त्या आमच्या शाळेत शिकवत. घर बौद्धांच्या वस्तीतले, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली स्टुलावर टीव्ही आणि टीव्हीवर भरतकामाचे झाकण. प्रक्षेपण चंद्रपूरहून येई आणि सावलीपर्यंत पोचता पोचता दमून जाई, म्हणून अँटेना दोन बांबू एकाला एक बांधून उंच नेलेली होती. वारा सुटला की बांबू वाके आणि पडद्यावर मुंग्या येत. मग बाईंचा भाऊ छपराच्या कवेलूंवर चढे. तो वरून ओरडे, "आला काय?" ओसरीतून उत्तर जाई, "आल्ता, गेला!" रविवारी सकाळी तिथे तीस-चाळीस माणसे जमत. त्यांत बाईंच्या घरचे पाणी न पिणारी माणसेही असत. ती टीव्हीसमोर मांडी घालून बसत आणि तहान लागली की उठून आपल्या घरी जाऊन पिऊन येत. बाई ते पाहत. त्यांचा नियम एकच होता, मालिका चालू असताना तोंड बंद. जाहिराती लागल्या की त्या म्हणत, "हां, आता बोला," आणि ओसरी एकदम उकळू लागे.

मालिकेची गोष्ट थोडक्यात अशी. डोंगरातल्या एका धरणाच्या कामावरचा इंजिनियर सरकारी विश्रामगृहातून एका सकाळी नाहीसा होतो. खोलीत त्याचा चष्मा आहे, अर्धवट खाल्लेला डबा आहे, माणूस नाही. सर्दीने कायम शिंकणारा एक जाडा इन्स्पेक्टर तपास करतो. स्वयंपाक्यावर संशय येतो, मग ठेकेदारावर, मग खुद्द इंजिनियरच्या बायकोवर. दर आठवड्याला एक नवी वस्तू सापडते आणि आदल्या आठवड्याचा संशय खोटा ठरतो. आज सांगताना यात विशेष काही वाटत नाही. पण आमच्या घरातूनही एक माणूस असाच गेला होता.

माझे वडील फडमुंशी होते. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की ठेकेदारातर्फे ते एटापल्लीकडच्या जंगलात जात. बायाबापड्यांनी तोडून आणलेल्या पानांचे पुडे मोजून घेणे, ते फडावर वाळत घालणे, उलटणे आणि पोत्यांत भरून रवाना करणे हे त्यांचे काम. पावसाच्या तोंडाशी ते परतत, तेव्हा त्यांच्या कपड्यांना वाळल्या पानांचा वास असे, पिशवीत चारोळ्या असत आणि बोलण्यात गोंडी शब्द मिसळलेले असत. आल्यावर आठ-दहा दिवस ते फारसे बोलत नसत. जेवताना हात थांबे आणि नजर दाराबाहेर जाई. माय एकदा त्यांना म्हणाली होती, "शरीर तेवढं आणता तुमी. मन तिथीच ठेवून येता." ते हसले होते. हे मी ऐकले आहे, म्हणून लिहिते.

एका उन्हाळ्यात ते परतले नाहीत. त्यांच्यासोबत आठ हंगाम त्याच फडावर काम केलेले झित्रू भाऊ एकटेच आले. त्यांनी ओसरीच्या पायरीवर बसून सांगितले, की देवाजी, म्हणजे माझे वडील, सकाळी आंघोळीला नाल्यावर गेले, लोटा आणि टॉवेल घेऊन गेले, आणि आले नाहीत. शोधले. लोटा काठावर भेटला. टॉवेल भेटला नाही. पोलिसांत नोंद झाली. कोणी वाघ म्हटले, कोणी पूर म्हटले. नाल्याला त्या दिवसांत घोट्याएवढेही पाणी नव्हते. जंगलात बंदुका घेतलेली नवी माणसे हिंडू लागली होती, त्यांचेही नाव कोणी हळूच घेतले. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, दोनदा एटापल्लीला जाऊन आले. दोन्ही वेळा त्यांनी आणलेली माहिती एका वाक्याची होती. कोणी काही पाहिले नव्हते.

त्यानंतरच्या तीन वर्षांत मायचे काय झाले हे सांगायला सोपे आहे आणि समजायला अवघड. तिच्या कपाळावर कुंकू होते आणि हातात बांगड्या होत्या. पण हळदीकुंकवाला तिला बोलवावे की नाही हे कोणालाच ठरवता येत नव्हते. बोलावले तर यजमानीण तिला कुंकू लावताना क्षणभर थबके. नाही बोलावले तर रस्त्यात भेटल्यावर मान खाली घाले. मायने त्यांचा प्रश्न सोडवला. तिने कोणाच्याही घरी जाणे बंद केले. रामटेके बाईंनी तिला दोनदा निरोप दिला, की माझ्याकडे हळदीकुंकू नसते, टीव्ही असतो, या. ती म्हणाली, "बाईले सांग, पोरगी येते ना, तिचेच डोळे माझे."

म्हणून मी पाहून येत असे. रविवारी साडेदहाच्या सुमारास मी घरी पोचे, तेव्हा माय अंगणात सुपाने तांदूळ पाखडत बसलेली असे. शेजारच्या भात गिरणीचा पट्टा रविवारी बंद असे, त्यामुळे सुपाचा आवाज स्पष्ट येई. चुलीवर लाखोळीची डाळ शिजत असे. मी समोर बसून सुरुवात करी. ती मान वर करत नसे, सूप चालूच ठेवी. माझ्या सांगण्यात काही ढिले निघाले की सूप थांबे.

"कोणी पायलं त्याले गाडीत बसताना?"

"स्वयंपाक्यानं."

"त्यानं पायलं म्हणते का तुले दाखवलं?"

"त्यानं सांगतलं."

"मंग पायलं म्हणू नको. सांगतलं म्हण."

किंवा इंजिनियरची बायको नदीकाठी रडली असे मी सांगितले, की तिचा प्रश्न येई, "आवाज काढून रडली का नुसतं पाणी?" मला आठवत नसे. "मंग काय पायलं तू इतका वेळ? पोट्टी तोंड उघडं ठेवून बसली असंन." पुढच्या रविवारी मी ते लक्षात ठेवून पाही. मी नंतर तीस वर्षे नागपुरात वर्तमानपत्रात काढली. कोणी पाहिले आणि कोणी सांगितले यांतला फरक न कळणारे अनेक वार्ताहर माझ्या हाताखालून गेले. त्यांना मी जे सांगत आले, ते सगळे त्या अंगणात शिकलेले होते.

मालिका अर्ध्यावर आली तेव्हा मोठ्या बाबांच्या मुलीचे, माझ्या चुलत बहिणीचे लग्न जमले. मुलगा चामोर्शीचा, वैशाखातली तारीख. सोयरिकीच्या बोलण्यात मुलाकडच्या वडीलधाऱ्यांनी एकच गोष्ट विचारली. तुमच्या घरातला माणूस जिता आहे का मेला? मेला असेल तर त्याचे झाले का? ज्या घरात एकाचे सुतक ना धरले ना फिटले, त्या घरात मांडव कसा घालायचा? प्रश्न त्यांनी आवाज न चढवता विचारला.

बेपत्ता माणसासाठी आमच्याकडे एक विधी आहे. पळसाच्या देठांचा पुतळा करतात, त्याला डोक्याच्या जागी नारळ लावतात, आणि तो माणसासारखा जाळतात. जाळला की माणूस मेला. बारा वर्षे वाट पाहून करावा असे जुने लोक म्हणत. पण मोठ्या बाबांनी विचारून आणले होते, की घरात कार्य अडले असेल आणि बायकोची संमती असेल तर आधीही करता येतो. ती संमती मागायला ते आणि त्यांची बायको, म्हणजे मोठी माय, आमच्याकडे आले. माय त्यांच्यासमोर डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राहिली. ते तिचे भासरे, म्हणजे थोरले दीर होते, ती त्यांच्याशी समोरासमोर बोलत नसे.

"सुमे, तुझ्या मायले सांग," मोठे बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "आमी काही तिच्या वाईटावर नाई. पण तीन वर्सं झाले. माणूस असता तर एक चिठ्ठी आली असती."

दाराआडून माय म्हणाली, "मोठ्या बाबांले सांग, इंजिनेर संपू द्या."

त्यांना कळले नाही. "कोण इंजिनेर?"

मोठ्या मायला कळले. "अवं बाई! टीव्हीतला? तुले काय पागलपण लागलं का वं? त्या टीव्हीतल्या मुर्द्याचा अन् आमच्या देवाजीचा काय संबंध?"

"मुर्दा आहे का नाई तेच पाहायचं आहे," माय म्हणाली. "मुर्दा निघाला तर मी तयार आहो. जिता निघाला तर मी कुंकू पुसत नाई. लगन थांबलं तर थांबलं."

मोठ्या बाबांनी विचारले, "किती राह्यले?"

"सहा रविवार," मी म्हणाले.

"सहा रविवार थांबतो. आमचं नशीब टीव्हीवाल्याच्या हाती." ते उठले. जाताना पायरीवर थांबून माझ्याकडे वळले, "कोणावर संशय आहे गं आता?"

"ठेकेदारावर."

"ठेकेदारच असंन," ते म्हणाले आणि गेले. ते भले माणूस होते, हे नोंदवून ठेवायला हवे.

मायने असे का ठरवले, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. ती अडाणी नव्हती. चौथी शिकली होती आणि गोष्ट कोणीतरी रचलेली असते हे तिला माहीत होते. मला वाटते, तिला निर्णय घेता येत नव्हता आणि घ्यावा तर लागणार होता. तेव्हा ज्यांना आमच्याबद्दल काही माहीत नाही, आमचे काही घ्यायचे-द्यायचे नाही, अशा लांबच्या माणसांवर तिने तो सोपवला. सावलीत असे कोणी राहिलेले नव्हते. प्रत्येकाचे काही ना काही मत होते.

तेराव्या रविवारी रामटेके बाईंच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरने स्वयंपाक्यावर पैज लावली होती, खुनी दुसरा निघाला तर मिशी उतरवीन अशी. ओसरीतल्या बाया त्याच्या मिशीकडे पाहून आधीच हसत होत्या. वारा नव्हता. चित्र इतके स्वच्छ होते, की इन्स्पेक्टरच्या शर्टाचे तुटलेले बटण दिसत होते. मी पुढे बसले होते. मला खून हवा होता. आज हे लिहायला बरे वाटत नाही, पण त्या सकाळी मी मनात प्रेतच मागत होते. प्रेत निघाले असते तर घरी जाऊन एक शब्द सांगायचा होता.

इन्स्पेक्टर चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावरून आगगाडीने लांबच्या गावी जातो. बाजारात वह्या-पेन्सिलींचे एक दुकान आहे. गल्ल्यावर इंजिनियर बसला आहे. दाढी वाढलेली, चष्मा नवा. आतून एक लहान मुलगी त्याला चहा आणून देते आणि बाबा म्हणते. तो मान वर करून इन्स्पेक्टरला विचारतो, "क्या चाहिए, साहब?" इन्स्पेक्टर एक पेन्सिल घेतो आणि निघून जातो. परत डोंगरातल्या गावी येऊन इंजिनियरच्या बायकोसमोर बसतो आणि सांगतो, तुमचे पती गेले, खाली नदीत देह मिळाला, ओळखण्यासारखा नव्हता, आम्ही तिथेच अग्नी दिला. ती ऐकते. थोड्या वेळाने उठून कपाळाचे कुंकू पुसते आणि चुलीवर पाणी ठेवते. संपले.

मग कंपाउंडर म्हणाला, "अन् खून?"

"खूनच नाई झाला ना भाऊ," कोणीतरी म्हणाले.

"खून नाई झाला तर तेरा आठवडे आमाले काऊन बसवलं बे? अन् माझ्या मिशीचं काय?"

"अर्धी काढा!"

हसे झाले. रामटेके बाई हसल्या नाहीत. त्या टीव्ही बंद करत म्हणाल्या, "सरकारी माणूस आणि खोटा अहवाल दिला. नोकरी जायला पाहिजे त्याची." मागून एका म्हातारीने विचारले, "खरं सांगतलं असतं तर त्या बाईनं काय केलं असतं, बाई?" यावर बाईंनी टीव्हीचे झाकण सारखे केले. मला फसवल्यासारखे झाले होते. मायने दोनच शक्यता धरल्या होत्या, जिता किंवा मेला. मालिकेने तिसरी काढली होती, जी कोणीच धरली नव्हती. माणूस जिता आहे आणि त्याला यायचे नाही.

रस्ता दहा मिनिटांचा होता. मी तो अर्ध्या तासात चालले. मेला असे सांगता आले असते. टीव्हीत तरी त्या बाईला मेलाच सांगितले होते; तेवढेच सांगितले असते तर तो शब्दशः खोटेपणाही ठरला नसता. मोहल्ल्यातून तिला दुसरे कळले असते, पण उशिरा कळले असते. हे सगळे मी आज विचारपूर्वक लिहिते आहे. त्या दिवशी मी सोळा वर्षांची होते आणि पाहिले ते पाहिले तसे सांगायचे, एवढे एकच काम मला येत होते. मी अंगणात बसले आणि सगळे सांगितले. दाढी, नवा चष्मा, पेन्सिल, लहान मुलगी.

सूप थांबले ते पुन्हा चालू झाले नाही.

"पोरगी केवढी होती?"

"चार-पाच वर्सांची."

"चार-पाच." ती काहीतरी मनात मोजत होती. इंजिनियर नाहीसा होऊन मालिकेत वर्षच झाले होते. हे माझ्या लक्षातही आले नव्हते. तिच्या आले. "मंग ती आधीचीच. अन् त्या बाईनं मानलं पोलिसाचं?"

"मानलं."

"प्रेत दाखवा म्हणाली नाई?"

"नाई."

"तिले मालूम होतं," माय म्हणाली. थोड्या वेळाने तिने तांदूळ डब्यात भरले, हात धुतले आणि म्हणाली, "चाल माझ्यासंगं. झित्रू भाऊच्या घरी जायचं आहे." तीन वर्षांत ती पहिल्यांदाच कोणाच्या घरी निघाली होती.

झित्रू भाऊ गल्लीच्या टोकाला राहत. ते अंगणात बांबूच्या चोयांची टोपली विणत होते. मायला पाहून ते उभे राहिले. माय पायरीवर बसली आणि म्हणाली, "भाऊ, त्या दिवशीचं पुन्हा सांगा."

त्यांनी सांगितले. नाला, लोटा, टॉवेल. तीन वर्षांपूर्वी जसे सांगितले होते तसेच, त्याच क्रमाने.

"टॉवेल काऊन नाई भेटला?"

"आता काय सांगू बाई. वाहून गेला असंन."

"घोटाभर पाण्यात?"

ते चोया सारख्या करू लागले. आतून त्यांची बायको बाहेर आली. "आता काऊन उकरून राह्यली बाई? झालं गेलं."

"काय झालं तेच विचारून राह्यली ना मी," माय म्हणाली. मग ती झित्रू भाऊंकडे वळली. "भाऊ, मी भांडाले नाई आली. तो जिता असंन तरी मी तिथं जाणार नाई. कोणाले सांगणार नाई. मेला का?"

झित्रू भाऊंनी एक चोय उचलून टोपलीत ओवली.

"मेला का भाऊ?"

"लगनाचं काम अडलं म्हणते ना," झित्रू भाऊ म्हणाले. "करून टाका बाई. पोरीचं भलं होईल."

"मी विचारलं, मेला का?"

"बाई, मी काय सांगू," एवढे म्हणून त्यांनी टोपली उलटी ठेवली आणि तिच्या बुडाकडे पाहत राहिले. आम्ही उठलो. रस्त्यात मायने मला विचारले, "तो मेला म्हणाला का वं?"

"नाई."

"मी तीनदा विचारलं. एकदाबी म्हणाला नाई." घरी पोचल्यावर दारात थांबून ती म्हणाली, "जिता असंन तरी येत नाई. मेला असंन तरी येत नाई. मोठ्या बाबांले सांगून ये, करा म्हणा."

पुढे नोकरीत असताना मी दोनदा एटापल्लीला गेले. पहिल्यांदा एका रस्त्याच्या बातमीसाठी, दुसऱ्यांदा निवडणुकीसाठी. फड कोणत्या गावाजवळ होता हे मला माहीत होते. सोबत जीप होती आणि अर्धा दिवस मोकळा होता. मी गेले नाही. कामाच्या ठिकाणी मी इतरांना ज्या प्रश्नासाठी परत पाठवले असते, तो प्रश्न मी विचारला नाही. याचे कारण मला देता येते, पण ते पटण्यासारखे नाही. झित्रू भाऊ वारले, मग मायही वारली.

लग्नाआधी पुतळ्याचा तो विधी वैनगंगेच्या पुलाखाली झाला. आमच्यात बाया घाटावर जात नाहीत. मायने मोठ्या बाबांना निरोप दिला, की सुमन येईल. ते म्हणाले, पोरीचे काय काम. तिने पुन्हा निरोप दिला, बाप तिचा आहे आणि तिला भाऊ नाही. त्यांनी ते मानले. निघताना माय मला म्हणाली, "सगळं पाहून ये. कोण आलं, कोण नाई, कोणी पाणी सोडलं."

वाळूत दर्भावर पळसाचे देठ मांडले. हात, पाय, बरगड्या. वर कणकेचा लेप दिला. डोक्याच्या नारळाला मोठ्या बाबांनी आपल्या हाताने वडिलांचे जुने धोतर गुंडाळले आणि अंगावर त्यांचा सदरा पसरला. पुतळा माणसाहून लहान दिसत होता. सदऱ्याच्या बाह्या दोन्हीकडे रिकाम्या लोंबत होत्या, त्या मोठ्या बाबांनी आत दुमडल्या. जळायला फार वेळ लागला नाही. मग सगळे नदीत उतरले आणि एकेकाने तिळाचे पाणी सोडले. नात्यातल्यांनंतर सोबत काम केलेल्यांची पाळी येते. जित्या माणसाच्या नावाने हे पाणी सोडले तर त्याचे आयुष्य तुटते असे आमच्याकडे मानतात, म्हणून खात्री नसलेला माणूस सहसा घाटावर येतच नाही. झित्रू भाऊ आले होते. ते वाळूच्या वर, गवतात उभे होते. मोठ्या बाबांनी त्यांना हाक मारली. थोड्या वेळाने पुन्हा मारली.

मी घरी पोचले तोवर बायांनी आपले काम उरकले होते. अंगणात एका फडक्यात काचेचे हिरवे तुकडे बांधून ठेवलेले होते. माय आतल्या खोलीत पोत्यावर बसली होती. कपाळावर जिथे कुंकू असे तिथली कातडी भोवतालच्यापेक्षा उजळ दिसत होती. मला पाहून तिने बायांना बाहेर जायला सांगितले.

"झालं?"

"झालं."

"झित्रू भाऊ आल्ता?"

"आल्ता."

"पाणी सोडलं त्यानं?"

मी तिच्याकडे पाहिले. "नाई."

"त्याले बोलावलं नसंन."

"मोठ्या बाबांनी दोनदा बोलावलं."

"मंग काय म्हणाला?"

"पायात काटा रुतला म्हणाला. अन् निघून गेला."

"लंगडत गेला?"

"नाई."

तिने आपल्या मोकळ्या मनगटांवर पदर ओढला.

"चांगला माणूस आहे झित्रू भाऊ," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. बाहेर मोठ्या बाबांनी मांडववाल्याला बोलावून ठेवले होते. तो आमच्या अंगणाचीही लांबी-रुंदी हातांनी मापत होता आणि किती बांबू लागतील ते मोठ्याने सांगत होता.